खंडेनवमीचा हिरवा रंग

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा समस्त मंडळींस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या सुमारास आपल्या देशाने साऱ्या जगासाठी दारं-खिडक्या सताड उघडल्या, नेमक्या त्याच सुमारास नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीने आपलं एकुलतं एक गेट लावून घेतलं. कृपया उभे राहून वाचावे. बसून वाचायचं असेल तर निदान पाठ ताठ ठेवावी, कारण विषय उद्योगधंद्यांचा आहे, आणि उद्योगधंद्यांतलं ज्यांना काही कळतं ती सगळी माणसं मी ताठ बसलेलीच पाहिली आहेत. मला स्वतःला त्यातलं काही कळत नाही. मला फक्त एक लेथ मशीन ठाऊक होतं. आणि ‘आमची कंपनी’ म्हणाले ते मालकीहक्काने नव्हे. एसटीत खिडकीची जागा मिळाली की माणूस कसा ‘आमची गाडी’ म्हणतो, तसंच.

तेव्हा आम्ही नागापूरला, मनमाड रस्त्यापासून जरा आत, पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत राहत होतो. खोल्यांत सगळे कंपन्यांतलेच लोक. भिंती इतक्या पातळ की या टोकाला कुकरची शिट्टी झाली की त्या टोकाची बाई आपला स्टोव्ह बारीक करायची. दादा, म्हणजे माझे वडील, पहिल्या पाळीहून घरी यायचे तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा वास यायचा. तेल, लोखंड आणि लेथवर सोडतात ते दुधासारखं पांढरं पाणी, या तिघांचा मिळून एक वास. आई त्यांना दारातच थांबवायची. “चपला तिथंच. शर्ट तिथंच. तुमी बी दोन मिन्टं तिथंच.” मग मी पुढे व्हायचे आणि त्यांच्या पँटच्या दुमडीत बोटं घालून खजिना काढायचे : लोखंडाच्या कुरळ्या. लेथवर लोखंड सोललं की त्याची साल स्प्रिंगसारखी वळत निघते आणि तापून निळी-जांभळी होते. त्या मी कानांवर लटकवायचे, वेणीत खोवायचे आणि पत्र्याच्या पेटीवर उभी राहून राणीचं भाषण करायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “राणीसाहेब, कान कापला तर धनुर्वाताचं इंजेक्शन कुठं देत्यात ते ठाव हाय ना?” राणीसाहेब लगेच राज्यत्याग करायच्या.

शेजारच्या खोलीत गोरखकाका आणि सुमनकाकू. गोरखकाका मूळचे पुणतांब्याचे, गोदाकाठचे, आणि आवाज असा की नदीला पूर आलाय. कंपनीतही त्यांचं मशीन दादांच्या शेजारीच होतं. जेवणाच्या सुट्टीत दोघे डबे बदलायचे. आईच्या हातचं हुलग्याचं शेंगोळं गोरखकाकांच्या पोटात जायचं आणि काकूंची शेंगदाण्याची आमटी दादांच्या. ही अदलाबदल दोन्ही बायकांना ठाऊक होती, त्यामुळे सकाळी डबा भरताना दोघीही आपल्या नवऱ्याचा विचार न करता शेजारणीच्या नवऱ्याच्या चवीने मीठ घालायच्या. इतका विश्वास मी पुढे कुठल्याही दोन घरांत पाहिला नाही.

दादांचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, पण त्यांचा जन्म झाला पार तिकडे कुठल्याशा साखर कारखान्याच्या फडात, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. आमच्याकडची निम्मी माणसं दर साल दसरा झाला की ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आजा-आजींचा एक कोयता होता. दादांची थोरली बहीण, आमची आत्या, तिचा नि तिच्या नवऱ्याचा एक होता. दादा मात्र कसे कोण जाणे त्या रांगेतून निसटले, आयटीआयच्या वर्गात शिरले आणि लेथपाशी येऊन थांबले. विहिरीवरच्या पंपांचे दांडे ते त्या लेथवर घडवायचे. गावी गेले की पारावर सांगायचे, “अख्ख्या जिल्ह्याचं पानी माझ्या हातावरनं जातंय.” त्या वाक्यात काय काय होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. ज्या गावात त्यांच्या आज्याला विहिरीच्या काठाला हात लावू देत नव्हते, त्या गावात ते हे वाक्य अगदी सावकाश, तंबाखू मळत म्हणायचे.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या हत्याराची पूजा करायची. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी कात्री पुजतो, एमआयडीसीत मशीन पुजतात. वर्षातून तेवढ्या एका दिवशी कंपनीचं गेट बायकापोरांसाठी उघडं. आता आमची पंचाईत अशी की आम्ही बौद्ध. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, पूजाअर्चा शून्य. त्यामुळे कामाची वाटणी झालेली होती : नारळ, हळदकुंकू, उदबत्ती हे खातं गोरखकाकांकडे, आपल्या मशीनचा नारळ फोडला की जाता जाता ते त्याचं पाणी दादांच्या लेथवरही शिंपडायचे. दादांकडे पुसण्याचं खातं. आठवडाभर आधीपासून ते लेथ पुसायचे, रॉकेलने धुवायचे, सांदीकोपऱ्यातला गंज खरवडायचे आणि शेवटी हिरवा रंग मारायचे. झेंडूचा हार मात्र घालायचे. फूल हे फूल असतं, त्याला धर्म नसतो, असा त्यांचा खुलासा. एका वर्षी आईने सगळ्यांसमोर त्यांना पकडलंच. दादा गुडघे टेकून लेथच्या पायाशी डोकं घालून बसले होते.

“बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, आन् मशीनपुढं वाकता व्हय?”

दादा आतूनच म्हणाले, “वाकल्याबिगर खालचा नट कसा पुसायचा?”

अख्खा शेड हसला. मॅनेजरसाहेबही हसले, बेताने.

पूजेआधी एकदा मशीन फिरवून दाखवायची रीत होती. पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत तिला हात लावायचा नाही. दादा लेथला ‘ती’ म्हणायचे. आम्हाला समोर उभं करून ते बटण दाबायचे आणि लोखंड न लावताच तिला फिरू द्यायचे. “सकाळची लई थंड असती ही. आधी जरा रिकामी फिरू द्यायची. अंगात ऊब आली की मग बारीक घास. पयल्याच फेरीला मोठा घास दिला का थरथरती, आन् दांड्यावर सुरकुत्या उठत्यात.” घास म्हणजे लोखंडाचा काप. आई काकूंकडे बघून म्हणाली, “आपल्याला कवा सकाळचं रिकामं फिरू दिलंय का वो ह्यांनी?” पुन्हा शेड हसला. पुढे माझ्या लग्नात दादांनी माझ्या नवऱ्याला मांडवामागे नेऊन अगदी गंभीरपणे एकच सूचना दिली : उठल्या उठल्या हिला काही विचारत जाऊ नका, आधी चहा होऊ द्या. नवऱ्याला वाटलं, सासरेबुवा विनोद करताहेत. तो विनोद नव्हता. नियम होता, आणि तो आमच्या घरात अजून पाळला जातो.

मग एके दिवशी गेटवर कागद लागला. कंपनी तात्पुरती बंद. दादा आणि गोरखकाका त्या दिवशी भरलेले डबे घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी आईने सवयीने पुन्हा डबा भरला, आणि भरल्यावर तिच्या लक्षात आलं. पण दादांनी तो घेतला. जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला ते डबा घेऊन बाहेर उंबऱ्यावर बसले, पलीकडून गोरखकाका आपला डबा घेऊन आले, आणि दोघांनी डबे बदलून मुकाट्याने जेवण केलं. ताटात वाढलेलं दुपारचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. हे कितीतरी महिने चाललं. चार पावलांवर चूल, आणि दोन बापेमाणसं उंबऱ्यावर बसून थंड भाकरी खाताहेत. आम्हा पोरांना ते फार विनोदी वाटायचं. मी दोघांची नक्कलही करायचे. आई हसायची नाही, एवढं मात्र आठवतं.

त्या काळात आमच्या ओळीत उद्योगधंद्यांची जी भरभराट झाली तिची नोंद कुठल्याही सरकारने घेतलेली नाही. आमच्याच कंपनीचं नव्हे, आजूबाजूच्या आणखी दोन-तीन कंपन्यांची गेटं लागली होती, त्यामुळे कारखानदार पुष्कळ. पहिल्या खोलीत शेवयांचं मशीन आलं. ते चांगलं चाललंय असं दिसताच चौथ्या, सहाव्या आणि सातव्या खोलीतही शेवयांचं मशीन आलं, आणि आमच्या ओळीत शेवया खाणाऱ्यांपेक्षा करणारे जास्त झाले. अंडाभुर्जीची गाडी निघाली. पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ निघाला. त्यात बसणाऱ्याला स्वतः फोन करावा असं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. प्रत्येक धंदा उघडताना रांगोळी, नारळ, पेढे. बंद होताना मात्र आवाज नाही. एके सकाळी फक्त त्याची पाटी गळक्या छपरावर टाकलेली दिसायची, वर दगड ठेवून. आमच्या छपरांवर कुणी चढलं असतं तर त्याला त्या दोन वर्षांतला उद्योगांचा सगळा इतिहास एका ओळीत वाचायला मिळाला असता. गोरखकाका दुसऱ्याचा पेपर मोठ्याने वाचायचे. “राज्यात रोजगार वाढतोय म्हनं, भानुदास.” दादा विचारायचे, “कुठं?” काका पान उलटून पाहायचे आणि म्हणायचे, “पान तीनवर.”

या दोघांनी मिळून रसवंती काढली. मनमाड रस्त्याला बांबूचं छप्पर, लाकडी बाक, उसाचा चरक. चरकाच्या चाकाला घुंगरं असतात. ती वाजली की वाटेवरच्या माणसाला तहान लागते, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी दादांनी घुंगरं सोडून ठेवली.

“अरे, ह्ये काय करतोस?” गोरखकाका ओरडले.

“बेअरिंगचा आवाज ऐकू येत न्हाई. कुठंतरी खातंय ते.”

“खाऊ दे की! गिऱ्हाइकाला कसं कळायचं रस हाय म्हनून?”

“बेअरिंग गेल्यावर कळंल का?”

त्यानंतर दादांनी चरक उघडून असं काही ग्रीस भरलं की तो लोण्यासारखा फिरू लागला. आवाज नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईकही नाही. आले त्यांना रसाला ग्रीसचा वास आला. आत्या त्या दिवसांत एकदा आली होती. चरकाकडे बघून ती म्हणाली, “झ्याक झालं. आमी तोडायचा, तुमी पिळायचा. कारखाना घरातच की!” आणि सगळ्यांत आधी तीच हसली. रसवंतीची पाटी आमच्या छपरावर मोरीच्या वर गेली. तिच्यावर गोरखकाकांनी स्वतः रंगवलेला ऊस होता. पाऊस आला की तो उसातून गळायचा.

बंदची दुसरी खंडेनवमी जवळ आली तेव्हा आत्या पुन्हा आली. या वेळी हसायला नाही. उंबऱ्यावर बसून तिने लुगड्याच्या सोग्याने पाय पुसले आणि सरळ विचारलं, “भानुदास, येता का कोयत्याला? मुकादम आपल्या वळखीचा हाय. टोळीत एका कोयत्याची जागा हाय. पर दसऱ्यापतुर सांगाया लागतंय, मंग तो दुसरा बगंल.”

दादा आपल्या तळहाताकडे बघत राहिले. “अक्का, ह्यो हात आता कोयत्याचा न्हाई राह्यला.”

“हाताचं काय,” आत्या म्हणाली, “चार दिसांत फोडं येत्यात, आठ दिसांत हात पुन्यांदा व्हता तसा व्हतो.”

आई चुलीपाशी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दहावीत होते. फडात शाळा नसते, हे कुणी बोलून दाखवलं नाही. दादांनी एवढंच म्हटलं, “दसऱ्याला सांगतो.” म्हणजे तेवढे दिवस मिळाले. त्या दिवसांत कंपनी उघडली तर आम्ही नगरचे. नाही तर दादा जिथे जन्मले तिथेच परत.

आणि काय आश्चर्य! दुसऱ्याच दिवशी कंपनीचा वॉचमन सायकल मारत आमच्या ओळीत आला. मॅनेजरसाहेबांचा निरोप होता. यंदा खंडेनवमी करायची. ज्याने त्याने येऊन आपापलं मशीन साफ करावं, चालू स्थितीत आणावं. रॉकेल, ग्रीस, रंग सगळं कंपनी देईल. वॉचमनची सायकल वळायच्या आत ओळीत दिवाळी झाली. गोरखकाका दादांना मिठी मारून नाचायला लागले. “अरे, उगीच कोन रंग देतंय का? ज्याला दुकान बंद करायचं हाय तो कशाला रंगवील? सुरू व्हतीय, भानुदास! दसऱ्याच्या मुहूर्ताला सुरू व्हतीय!” शेवयांचं मशीन बंद करून बाया बाहेर आल्या. मीही पेटीवर चढून राणीचं एक भाषण ठोकलं आणि कामगारांना दुप्पट पगार जाहीर केला.

आत्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या हे बघत होती. ती कुणाला उद्देशून नाही, आपली सुपारी कातरत म्हणाली, “बैलाची शिंगं दोनदा रंगवत्यात. पोळ्याला, न्हाईतर बाजाराच्या आदल्या दिशी.”

“अक्का, गप,” दादा म्हणाले. आयुष्यात आत्याला ते एवढं एकदाच तोडून बोलले.

मग ते आठ दिवस. आमच्या घरातले इतके आनंदाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत, आणि म्हणूनच ते आठवायला मी सहसा जात नाही. आईने पहाटे स्टोव्ह पेटवला. शेंगोळं केलं, मीठ गोरखकाकांच्या चवीचं. डबा पुन्हा खऱ्या रस्त्याने गेला. संध्याकाळी दादांच्या आधी दादांचा वास आला आणि आई दारात उभी राहून नेहमीसारखी ओरडली, “शर्ट तिथंच!”, तिच्या आवाजात असं काही होतं की काकू बाहेर येऊन उगाचच हसत उभ्या राहिल्या. दादांनी लेथचा एकेक भाग उतरवला. बंद शेडमध्ये दोन पावसाळे ती नुसती उभी होती. गंज चढला होता, पाखरांनी घाण केली होती. त्यांनी तो गंज काचकागदाने घासला, फडक्याने पुसला, नखांनी काढला. झिजलेला एक पट्टा त्यांनी बदलला. शेवटी रंग. त्यांच्या नखांत हिरवं, भुवयांवर हिरवं, कानामागे हिरवं. रात्री जेवताना माझ्या गणिताच्या वहीवर त्यांचा हिरवा अंगठा उठला, तो मी पुसू दिला नाही. कुणी त्यांना या आठ दिवसांचं काही देणार नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. आपल्या बैलाला आंघोळ घालायची कुणी मजुरी मागतं का?

खंडेनवमीला आम्ही सगळे नटूनथटून गेलो. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मला माझी लहानपणची कंपनी भेटली. नाही, त्याहून देखणी. ओळीने मशीनं उभी, ओल्या पानांसारखी हिरवी, गळ्यात झेंडू. गोरखकाका नारळ हातात घेऊन पूजेसाठी खोळंबलेले. मॅनेजरसाहेबांबरोबर सफारी घातलेले दोन पाहुणे होते. ते प्रत्येक मशीनपाशी थांबायचे, हात फिरवायचे, आपसात हिंदीत बोलायचे, आणि एक जण खिशातून खडू काढून मशीनच्या पोटावर आकडा लिहायचा. दादांच्या लेथपाशी ते आले. “चला के दिखाओ,” पाहुणा म्हणाला. दादांनी कौतुकाने तिला रिकामी फिरू दिली, मग बारीक घास, मग मोठा. निळी-जांभळी कुरळी वळत वळत खाली आली. पाहुणा दांड्यावरून बोट फिरवून म्हणाला, “बहुत अच्छा रखा है।” दादांनी आमच्याकडे वळून पाहिलं. त्या चेहऱ्याचा फोटो कुणी काढला असता तर मी आज दुसरं काही लिहिलंच नसतं.

पाहुणा वळला तेवढ्यात दादांना लेथच्या पोटावरचा खडूचा आकडा दिसला. ओल्या रंगावर! त्यांनी खिशातलं फडकं काढून तो पुसून टाकला. पाहुण्याने मागे वळून पाहिलं, परत येऊन तो पुन्हा लिहिला. दादांनी ओशाळून हसत मान हलवली, आणि तो पुढे जाताच पुन्हा पुसला. मला हसू आवरेना. मी आईला कोपराने ढोसलं. आई हसत नव्हती. ती त्या दोन पाहुण्यांच्या पाठीकडे बघत होती. “काय गं?” मी विचारलं. “काय न्हाई,” ती म्हणाली. “शिंगं लई चांगली रंगवली तुज्या दादांनी.”

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्यासाठी तो धम्मचक्राचा दिवस. आईची पांढरी साडी, दादांचा पांढरा सदरा, विहारात वंदना, घरी खीर. दादांच्या नखांतला हिरवा रंग पांढऱ्या बाहीखाली उठून दिसत होता. आत्या निघायच्या तयारीने आली होती, काखेत बोचकं. तिने खीर खाल्ली, वाटी धुऊन पालथी घातली आणि विचारलं, “काय सांगू मुकादमाला?”

“न्हाई म्हनून सांग,” दादा म्हणाले. आत्याने माझ्या गालावरून हात फिरवला आणि पाथर्डीची गाडी धरायला निघून गेली.

ट्रेलर आले त्याला चार-दोन दिवसच मधे गेले असतील. क्रेन आली तेव्हाच ओळीत बोंब झाली आणि होते तसे सगळे गेटकडे पळाले. दादा दाढीचा साबण एका गालावर तसाच घेऊन. मीही शाळेच्या गणवेशात मागे पळाले. गेट उघडं होतं. इतके महिने आम्ही ज्याच्या उघडण्याची वाट पाहिली, ते सताड उघडं होतं, आणि त्यातून पहिला ट्रेलर बाहेर येत होता. वर दोरखंडांनी आवळलेली दादांची लेथ. उन्हात हिरवीगार. गळ्यात खंडेनवमीचा झेंडू, सुकलेला. पोटावर खडूचा आकडा. या वेळी तो कुणी पुसला नव्हता.

गोरखकाकांचा पूर आला. “एक बी गाडी जाऊ द्यायची न्हाई! आडवे पडा!” आणि स्वतः खरोखरच नवी विजार घालून रस्त्यात आडवे पडले. ड्रायव्हरने ब्रेक मारला. त्यांच्यामागे आणखी दहा-वीस जण बसले. बाया रडायला लागल्या. काच खाली करून ड्रायव्हर बघत होता. पोरगेलासाच होता, घाबरला होता. गोरखकाका पडल्या पडल्या ओरडले, “भानुदास, तुजी मशीन हाय ती! तूच बोल! सांग ह्याला काय सांगायचं ते!” आणि सगळी गर्दी गप्प होऊन दादांकडे वळली.

इथे मी जरा थांबते. मैफिलीत हा किस्सा सांगते तेव्हाही इथेच थांबते, पाणी पिते. ऐकणाऱ्यांना वाटतं, रंग भरण्यासाठी. पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला आशा नको. गाडी गेली. सगळ्या गाड्या गेल्या. मुकादमाने आपल्या टोळीतली जागा दुसऱ्याला दिली होती. दादा आणि आई शोधत शोधत अनोळखी टोळीत गेले, लांबच्या कारखान्याला, आणि आत्याचं म्हणणं खरं ठरलं : आठ दिवसांत हात पुन्हा होता तसा झाला. मी सुमनकाकूंच्या घरी राहून दहावी केली. शेंगोळं त्यांनी आईसारखं करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मी जमलं म्हणाले. दादा पुढे पुष्कळ वर्षं जगले. लेथवर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. त्या शेडच्या जागी आता कसलंसं गोदाम आहे, आणि पेपरात पान तीनवर अजून रोजगार वाढतोच आहे.

पण त्या क्षणी हे काहीच झालेलं नव्हतं. त्या क्षणी सगळं गाव माझ्या बापाच्या तोंडाकडे बघत होतं. दादा पुढे झाले. आडव्या पडलेल्या गोरखकाकांना वळसा घालून ते ट्रेलरपाशी गेले, लेथच्या डाव्या बाजूचा सैल झालेला दोर त्यांनी दोन्ही हातांनी ओढून आवळला. मग केबिनच्या पायरीवर चढले. एका गालावर साबण, नखांत हिरवं. आता ते शिवी देणार, आता ते त्या पोराची कॉलर धरणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. आणि त्या शांततेत, पार मागच्या बायांनाही ऐकू जाईल अशा आवाजात दादा म्हणाले, “मालकाला सांग रं बाबा, सकाळची आधी रिकामी फिरू द्या तिला. थंडगार आसताना मोठा घास देऊ नका!”